घाटातला उजेड

निजामाच्या अमलात केज भागात एकच मोटार होती, जहागीरदार मोहनरावांची. तिचे दिवे मिणमिणते झाले होते, म्हणून सटवा मेंढपाळ दोनदा त्यांच्या हातून निसटला. त्यांनी सटवाचं खोपट पेटवलं होतं, त्यात त्याची बायको जळून मेली, आणि तेव्हापासून तो बंदूक घेऊन नांदूरघाटच्या डोंगरात दबा धरून होता.

मोहनरावांनी राग ड्रायव्हर बंकटवर काढला. चाबकानं त्याची पाठ फोडली आणि म्हणाले, "आज लख्ख उजेड पडला न्हाई, तर तुलाच चाकाखाली घालतो बे."

बंकट तसाच कामाला लागला. दिव्यांच्या आतली काजळी राखेनं घासून काढली, गॅसची बुजलेली भोकं सुईनं मोकळी केली, ज्याच्यापासून गॅस होतो ते ताजं कार्बाइड डब्यात भरलं. दिवस मावळल्यावर मालकाला घेऊन मोटार सटवाच्या मागावर निघाली, तेव्हा घाटात असा उजेड पडला, की बाभळीचा काटा न् काटा मोजावा.

वळणावर धोंडे रचलेले होते. मोहनराव बंदूक घेऊन उतरले, दिव्यांपुढे गेले आणि डोंगराकडं बघत थबकले. उजेडाच्या पलीकडं, वर, नुसता काळोख होता. वर कुठंतरी बंदुकीचा खटका वाजला.

"दिवे इझव, बंकट," ते मागं न बघता हळूच म्हणाले. "मी दिसायलो त्याला."

"व्हय, मालक."



बंकटनं गॅसची चावी हातात धरली, आणि गोळीचा आवाज घाटात घुमून विरेपर्यंत ती फिरवली नाही.