लाल दोऱ्याची कांडी

बर्फाच्या सहाही कांड्यांचा रस एकाच भांड्यातून साच्यात ओतला होता. कलिंगड आणि संत्रं, बाकी काही नाही. तरी पाच कांड्या दगड झाल्या, आणि काडीला लाल दोरा बांधलेली सहावी बोटानं दाबली तर आत गेली. लाल दोऱ्याची म्हणजे बाबांची. कालही तीच मऊ होती, परवाही तीच.

लेक फ्रीझरचं दार उघडं टाकून कांडीकडे बघत राहिली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिची नोकरी, त्यामुळे पाणी कुठे मुरतंय हे हुडकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. साखर घातली की कांडी मऊ राहते, एवढं तिला ठाऊक होतं. पण साखर तर तिनं स्वतःच घरातून हद्दपार केली होती. बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. रक्तातली साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला पाय तो. त्याच आठवड्यात लेक रजा काढून माहेरी आली, डब्यातली आणि बरणीतली साखर शेजारी देऊन टाकली, आणि गोडावाचून बाबांचा जीव कासावीस होऊ नये म्हणून नुसत्या फळांच्या कांड्या करायला लागली.

गंमत म्हणजे, बाबांची साखर ती रोज सकाळी मोजत होती, आणि ती उतरत चालली होती. कांडी म्हणत होती साखर आहे, रक्त म्हणत होतं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि रक्ताच्या शब्दावर तर तिचं पोट चालत होतं.

शेवटी तिनं कांडीचं टोक तोडून तोंडात टाकलं, आणि तशीच बेसिनकडे धावली. मीठ होतं. चिमूटभर नव्हे, चांगलं जीभ भाजेल इतकं.

चूळ भरता भरताच तिला वरच्या फळीवरची साखरेची बरणी आठवली. ती धुऊन तिनंच तीत जास्तीचं मीठ भरून ठेवलं होतं, आणि आईला सांगायचं राहून गेलं होतं. रोजच्या स्वयंपाकाचं मीठ ओट्यावर असायचं, त्यामुळे आईला त्या बरणीला हात लावायची वेळच आली नव्हती. म्हणजे असं वाटत होतं. आईला मोतीबिंदूमुळे बेताचंच दिसायचं. त्यात नवऱ्याला नाही तर मलाही नको, म्हणून तिनं गोड सोडलेलं, तेव्हा बोट बुडवून चाखण्याचा प्रश्नच नव्हता. एवढी हुशार पोरगी, पण ही बरणी तिच्या नजरेतून सुटली, असं आईला वाटलं असणार.

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक पुढच्या खोलीत गेली. पाय स्टुलावर टाकून बाबा कुणाच्या तरी शर्टाला बटणं लावत होते. तिनं कांडी त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, "हे तुम्ही रोज खाता?"

बाबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग सुई कापडात टोचून ठेवली. "हळू बोल. आत ऐकू जाईल."

"अंगठा जायची वेळ आलीय, आणि आई चोरून साखर घालते? तिला कळत नाही का?"

"कळतं की. म्हणून तर अर्धाच चमचा घालते."

आईला खरं सांगून टाका, असं लेकीनं परोपरीनं सांगितलं. बाबांनी मान हलवली. पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं, म्हणाले. पण ती दारात उभी राहून इतक्या आशेनं बघत होती, की तोंडातून 'गोड आहे' निघून गेलं. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

"आणि ती बरणी हलवू नकोस," ते म्हणाले. "मीठ काढलंस तर तुझी आई कुठूनही खरी साखर पैदा करील. त्यापेक्षा हे बरं. खाल्ल्या मिठाला जागतोय, असं समज."

हसावं की रडावं, लेकीला कळेना. तिला आईचा राग आला होता, आणि आईसाठीच भरूनही आलं होतं. पण इतकं मीठही बाबांच्या पोटात जाऊन चालणार नव्हतं. संध्याकाळी तिनं बरणीतला चमचा काढून घेतला, आणि औषधाच्या भुकटीबरोबर आलेला नखाएवढा चमचा तीत टाकून ठेवला. कलिंगडाला चिमूटभर मीठ लागलं तर काही बिघडत नाही, झाली तर गोडीच वाढते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई लाल दोऱ्याची कांडी स्वतः घेऊन आली, आणि कोरडेच हात पुसत दारात उभी राहिली. बाबांनी कडू औषध घेताना मिटावेत तसे डोळे मिटले आणि तुकडा तोडला. मग डोळे उघडले. त्यांनी कांडीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. लेक एकाएकी छताच्या पंख्याकडे निरखून बघायला लागली.

"जमलीय का?" आईनं विचारलं.

"आज खरंच गोड झालीय," बाबा म्हणाले.

आईचे हात थांबले. "आज खरंच? मग इतके दिवस?"

बाबांनी उरलेली अख्खी कांडी तोंडात कोंबली, आणि दोन्ही गाल फुगवून, बोलता येत नाही अशी हातानं खूण केली.