खाली जाण्याची चढाओढ

नासीर सरांनी रग्बीची दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा आखली, ती नवे खेळाडू घडवायला. म्हणून तिथल्या संघांना नवे बूट, रोज दोन अंडी आणि पुण्याहून आलेला प्रशिक्षक. पहिल्या श्रेणीतले खेळाडू आधीच घडलेले, त्यांना फक्त टाळ्या. नियम साधा होता: पहिल्या श्रेणीत जो संघ शेवटचा येईल, तो दुसऱ्या श्रेणीत जाईल.

पहिल्या श्रेणीतला हंगामाचा शेवटचा सामना जळगावात, जळगाव आणि पिंपळनेर यांच्यात. दोघांचे गुण सारखे, हरेल तो शेवटचा.

पिंपळनेरचा कर्णधार सुकलाल बॉल घेऊन निघाला आणि त्याने तो सरळ जळगावच्या कर्णधाराच्या, हसीबच्या हातात दिला. बाजूला सरकून म्हणाला, "जा ना भाऊ, बठ्ठं मैदान मोकळं शे."

हसीबने स्वतःच्या उसवलेल्या बुटांकडे पाहिलं आणि बॉल अदबीने परत केला. "असं कसं सुकलालभाऊ? पाहुणे तुम्ही. पहिला मान तुमचा."

ऐंशी मिनिटं हा पाहुणचार चालला. शून्य-शून्य.

शिट्टी वाजताच दोन्ही कर्णधार नासीर सरांकडे धावत सुटले. अख्ख्या सामन्यात कुणी धावलं असेल, तर ते एवढंच.

"सर, दोघांनाही खाली पाठवा!"

सरांनी शांतपणे चष्मा पुसला आणि वर पाठवायच्या अहवालात लिहिलं, "दुसऱ्या श्रेणीचा दर्जा एका वर्षात इतका उंचावला आहे, की पहिल्या श्रेणीतले खेळाडू तिथे जागा मिळवण्यासाठी जिवाचं रान करत आहेत."