खाऱ्या हवेतलं कार्ड

"हे चमकीचं आहे," तो माणूस म्हणाला. "खेळायच्या कार्डांची पाकिटांवर पाकिटं फोडावी तेव्हा असं एखादं निघतं. जरा तिरकं धर, ड्रॅगनच्या पंखांवर रंग कसे धावतात बघ."

राहीने हात पुढे केला नाही. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं.

खिडकीत प्रणाली लसूण सोलत उभी होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. माणूस बोलत राहिला तर काहीतरी कळतं. गप्प बसवला की काहीच कळत नाही.

नाव त्याने मितेश सांगितलं होतं. आज सकाळीच पुण्याहून आलो, म्हणाला. एकटाच. नागावला एकटं कोण येतं? इथे गाड्या भरून येतात, बनाना राइडवर किंचाळायला. हा आल्यापासून समुद्राकडे फिरकलाही नव्हता. ओट्यावर बसून होता, राही खेळते तिथे.

"माझ्याकडे पण एक आहे," राही म्हणाली आणि धावत जाऊन आपलं कार्ड घेऊन आली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही सारखीच वाकलेली, कडा वर उचललेल्या, पन्हळीसारखी.

प्रणालीचा हात थांबला.

चमकीची कार्डं का वाकतात ते तिने मागेच मोबाइलवर शोधलं होतं. दमट हवेत मागचा कागद फुगतो, वरची चमकी फुगत नाही, आणि कार्ड ओढलं जातं. पण तेही एका दिवसात होत नाही. राहीचं कार्ड इतकं वाकायला आठवडा तरी लागला होता.

मग आज सकाळी पुण्याच्या कोरड्या हवेतून आलेलं कार्ड असं कसं?

"अरे, तुझंही वाकलंय की," मितेश म्हणाला.

"ते इथे आल्यावर. घरी एकदम सरळ होतं."

"घर कुठे तुझं?"

"श्रीवर्धनला," प्रणाली खिडकीतून म्हणाली. जरा जास्तच पटकन. परक्या माणसाला खरा पत्ता द्यायचा नाही, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मितेशने दोन्ही कार्डं तळहातावर घेतली. "श्रीवर्धन. तिथेही समुद्रच की, ताई. मग तिथे कार्ड सरळ कसं राहिलं?"

आवाज गोड होता. लसणाचं साल नखात रुतल्याचं प्रणालीला मागाहून कळलं.

"राही, आत ये. केसांना तेल लावायचंय."

"एवढेसे तर केस," तो हसला. "मुलासारखे कापलेत अगदी."

"उवा झाल्या होत्या."

"कार्डांसोबत हिचा एक फोटो काढू?"

"नको," प्रणाली म्हणाली आणि स्वतः बाहेर येऊन राहीला दंडाला धरून आत घेऊन गेली.

घराची मालकीण भागुबाई मागच्या वाडीत वालाच्या शेंगा तोडत होती. प्रणालीने तिची मागची खोली महिन्याच्या बोलीवर घेतली होती. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांचं रांधायला तीही हात लावायची. भागुबाईने कधी फार खोदून विचारलं नव्हतं. पोर शाळेत का जात नाही, एवढंच एकदा. "जूनमध्ये घालू," यावर तिचं समाधान झालं होतं.

"मावशी, तो माणूस खोटं बोलतोय. आज नाही आलेला तो. इथेच कुठेतरी राहून आमच्यावर नजर ठेवतोय."

"कोन, मितेश? अगो, सकाळी माज्या हातची तीन घावनं खाल्ली त्यानं. गरीब दिसतो."

"गरीब दिसणाऱ्यालाच पाठवतात, मावशी."

भागुबाईने टोपली खाली ठेवली. प्रणालीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नवऱ्यानं धाडलाय?"

प्रणालीचे डोळे भरले, आणि ते नाटक नव्हतं.

"समाजलं. पयल्या दिसापासून वलखलं होतं मी. माजी बहीण अशीच माहेरी आलेली गं बाय. तिच्या मेल्या नवऱ्यानं अंगनातनं पोर उचलून न्हेलं. परत तोंड दिसलं न्हाय." तिने कमरेचा पदर घट्ट खोचला. "माज्या दारातनं कोनी कोनाचं पोर न्हेनार न्हाय. मी हाय ना. जीवनला सांगते, रिक्षा काढ. रेवसला बोट मिळंल. भाऊच्या धक्क्याला उतरलीस का मुंबईत कोन कोनाला हुडकतंय?"

सामान बांधायला वेळ लागला नाही. प्रणालीची बॅग नेहमी भरलेलीच असायची.

"आता कुठे जायचं?" राहीने विचारलं.

"बोटीत. तुला आवडते ना बोट?"

"मग नंतर घरी?"

"नंतर बघू."

भागुबाईचा मुलगा जीवन रिक्षा घेऊन फाटकाशी आला. प्रणालीने राहीला आत ढकललं, शेजारी बसली आणि तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं. तेवढ्यात मितेश ओट्यावरून धावत आला.

भागुबाई नारळ सोलायचा कोयता घेऊन मधे उभी राहिली.

"मावशी, थांबवा त्यांना."

"थांबवते तुला! पोरीबाळींच्या मागं फिरतोस, लाज न्हाय? चमचम दाखवून भुलवतोस? मागं हो, न्हायतर नारळासारखा सोलीन."

"माझं एकदा ऐकून तर घ्या—"

"ज्यानं धाडलाय त्याला जाऊन सांग, भागुबाईनं हाकलला म्हनून. जीवन, तोंड काय बघतोस माजं? काढ रिक्षा!"

रिक्षा हलली. मितेश दोन्ही हात वर करून एक पाऊल मागे सरकला. मग कोयत्यापलीकडून त्याने जोरात हाक मारली.

"रुचिता!"

"कोन रुचिता? हितं कोनी रुचिता न्हाय!"

"ओ!" रिक्षातून आवाज आला.

जीवनने ब्रेक दाबला. प्रणालीच्या हाताखालून पोरीने डोकं सोडवून घेतलं आणि बाहेर काढलं.

"काका, तुम्हाला माझ्या आईने पाठवलंय?"