बैल शुद्धीवर होते

शिपायानं दोन्ही बैलांची तोंडं हुंगली आणि कचेरीच्या पायरीवरूनच ओरडून सांगितलं, "हुजूर, नुसता कडब्याचा वास येतोय!"

मुनशीनं ते उर्दूत लिहून घेतलं. निजामाच्या राज्यात बैलानं काही केलं, तरी ते उर्दूतच करावं लागे.

आरोपीच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. कोंडीराम नळदुर्गच्या बाजारात सरकारी गुत्त्यावर रीतसर शिंदी प्याला, हे मान्य. मग तो गाडीत आडवा झाला, हेही मान्य. पण अणदूरची वाट बैलांना पाठ आहे. बाजारातून येताना अख्खा गाव गाडीत झोपतो आणि बैल ज्याला त्याला आपापल्या दारात आणून सोडतात. तेव्हा गाडी बैल चालवत होते, आणि बैल तर शुद्धीवर होते. आठ वर्षांची नीलम्मा रस्त्यात शेण गोळा करत होती, ती चाकाखाली गेली. वाईट झालं. पण यात माणसाचा हात कुठं आला?

कोंडीराम खाली मान घालून उभा होता. वकिलानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, गप बसायची.

तहसीलदारसाहेबांनी बराच वेळ पुस्तक चाळलं. पिऊन गाडी हाकली आणि माणूस मेलं तर काय, याचं कलम काही सापडेना. रस्त्यावरच्या बेफिकिरीचं एक सापडलं. त्यात समज देऊन सोडायची सोय होती. बैल मात्र कायद्यात बरोबर बसत होते. बैलांना आठ दिवस कोंडवाडा झाला. कोंडीरामाला समज.

"समजलं का?" साहेबांनी विचारलं.

कोंडीरामानं मान हलवली. समज देऊन झाली.

नीलम्माची आई, शिवगंगा, सकाळपासून भिंतीला टेकून उभी होती. पोरीची शेणाची टोपली तिनं बरोबर आणली होती. टोपलीला काहीच झालं नव्हतं. पुरावा म्हणून ती कुणी मागितलीही नाही.

तिच्या खटल्याआधी बंडप्पाचा खटला झाला होता. त्यानं स्वतःच्याच बांधावरच्या झाडाची मडकंभर शिंदी सरकारला न विचारता काढली होती. त्याला एक वर्ष सक्तमजुरी झाली. त्यातली पेलाभर पिणाऱ्या मेव्हण्याला सहा महिने. त्या मडक्याखाली सापडून कुणी मेलं नव्हतं.

शिवगंगानं टोपली खाली ठेवली आणि ती पुढं आली.

"साहेब, यानं गुत्त्यावर न्हाय पिली. म्या काढलेली पिली. चोरून काढलेली."

कचेरी हसली. शिंदीचं नाव निघालं तरी चूळ भरणारं लिंगायताचं घर ते.

"अन् झाडावर कशी चढलीस गं माय?" शिपायानं विचारलं.

"लुगडं खोचून. तुमाला बलवायचं ऱ्हाऊन गेलं, बाबा."

साहेब मात्र हसले नाहीत. शिंदीच्या बाबतीत ते कधी हसत नसत. त्यांनी शपथ घ्यायला सांगितली. शिवगंगानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते धरून खोटं बोलली.

"बाई, तुला वर्ष पडेल."

"पडू द्या. त्याला सा म्हैने तर पडतील न्हवं?"

साहेब कोंडीरामाकडं वळले. "काय रे? हिच्याकडची प्यालास?"

वकिलानं मागून त्याचा सदरा ओढला. एक 'न्हाय' म्हटलं की तो सुटत होता. बाई तर कबूल झालीच होती. ती एकटी आत गेली असती.

कोंडीराम तिच्या मुठीकडं बघत राहिला. मग त्यानं वकिलाच्या हातातून सदरा सोडवून घेतला.

"अक्का खोटं बोलतीया, साहेब. तिला सोडा. शिंदी म्याच चोरून काढली, म्याच पिली."

वकील खाली बसला.

"अन् म्या झोपलो नव्हतो. बैलं उभी ऱ्हायली होती, साहेब. पोरगी दिसली तशी जागच्या जागी उभी ऱ्हायली. घरी जायची घाई मला. पराणी म्या टोचली. दोनदा टोचली."

शिवगंगाची मूठ उघडली.

साहेब ताठ बसले. असा गुन्हा मुनशीवर सोडण्यासारखा नव्हता. त्यांनी त्याच्या हातातला टाक स्वतः घेतला, शाईत बुडवला आणि कोंडीरामाकडं रोखून पाहिलं.

"मडकं केवढं होतं?"