मिसळणाचा डबा

"दोनशे शहाण्णव!"

पंपांच्या कारखान्यात आज कुणी चहालाही उठलं नव्हतं. पाचच्या भोंग्याआधी तीनशे पंप जोडून झाले नाहीत, तर ही लाइन बंद, असं घोरपडेसाहेबांनी बजावलं होतं. एरवी अडीचशेचीच मारामार. निम्मा दिवस एकाच खोक्यात सात मापांचे वायसर शोधण्यात जायचा.

म्हणून मंदानं हळद-मोहरी पुड्यांत बांधून मिसळणाचा डबाच आणला होता. सात वाट्या, सात मापं. फोडणी घालताना कुठं बघावं लागतं? तसाच तिचा हात आपसूक नेमक्या वाटीत पडत होता.

"तीनशे!" भोंग्याआधीच टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी डबा हुंगला. "मंदाताई, हा आता इथंच राहू दे!"

घरी नवरा ओट्याशी सात पुड्यांतली एकेक उघडत उभा होता. "अगं, मोहरी कुठाय? तासभर शोधतोय!"

पदर खोचत मंदा हसली. "शोधा! आम्ही आठ वर्षं वायसर शोधलेच की!"