दामूशेठच्या दुकानाजवळ

पडघ्याच्या नाक्यावरचं दामूशेठचं किराणा दुकान आज कायमचं बंद होणार होतं. गिऱ्हाईक फोनवरून खरेदी करू लागलं होतं. पार्सलवाला डोंगरातल्या पाड्यावर चढत नसे, म्हणून अख्खा पाडा पत्ता द्यायचा, 'दामूशेठच्या दुकानाजवळ'. आणि शेठ ती पार्सलं स्वतःच्या मालापेक्षा जपून ठेवायचे. हौसा पार्सल न्यायला आली. चाळीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. नातीने मागवलेलं साबण-तेल नेताना ती ओशाळून दर वेळी एक काडेपेटी घ्यायची. "शेठ, काडेपेटी द्या." "संपल्या. घरात नाहीत?" "ढीग हाय. गॅस आलाय, त्यो बी लायटरनं पेटतो." शेठ हसले, रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवत. हौसाने पार्सल पदराखाली झाकलं. "दुकान न्हाय, मग आमी पत्ता काय लिवायचा?" शेठनी शटर ओढलं, कुलूप दोनदा हिसकून पाहिलं. "तोच लिही. दुकानाआधी फक्त 'बंद' घाल. सापडेल त्यांना."