सेलमचा सिनेमा

हंबीररावांनी दाराला आतून कडी घातली आणि रिमोट जयराजच्या हातात दिला.

"लाव."

"दादा, आज नको. वयनीला जाऊन महिनाबी झाला न्हाई."

"म्हणूनच लाव. ती तुझ्यासंगं काय बघत हुती, ते मला बघायचंय."

जयराज खुर्चीच्या कडेवर टेकला.

हंबीररावांच्या पत्नी साळूबाई तिकडं तमिळ मुलखात, सेलमला वाढलेल्या. वडिलांचं तिथं गलाईचं दुकान होतं, सोनं-चांदी गाळायचं. विट्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यापायी मुलखावर गेलेली. हंबीररावांचा चुलतभाऊ जयराज पोरवयातच त्या दुकानात भट्टीवर कामाला लागला. साळूबाईंना आणि त्याला तमिळ यायची. हंबीररावांना यायची नाही. त्यांची लष्करातली सगळी नोकरी उत्तरेत गेली.

आजारपणात साळूबाईंना एकच सिनेमा लागायचा. तमिळ. बहिणीला मारणाऱ्यांना भाऊ एकेक करून गाठतो, अंगाला विभूती फासून, हातात कोयता घेऊन. शेवटचा मुडदा पडतो तो मुनियप्पनच्या देवळापुढं. मोठ्या मिशांचा हा राखणदार देव साळूबाईंच्या सेलमच्या गल्लीतही होता. जेवताना त्या नवऱ्याला हे सगळं सांगायच्या. हंबीरराव ताटातून मान वर काढायचे नाहीत.

गावी परतलेला जयराज दुपारी सिनेमा लावायला यायचा. तो उंबऱ्यात दिसला की हंबीरराव पायात चपला घालायचे.

"बसा की हितं," साळूबाई म्हणायच्या.

"तुमचं तुमी बघा," असं म्हणून ते चौकात जाऊन बसायचे.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच साळूबाईंचं हसू ऐकू यायचं. आपल्याजवळ ती असं कधी हसली होती, ते त्यांना आठवायचं नाही. मग ते लांबूनच मोठ्यांदा खाकरायचे. टीव्ही बंद व्हायचा. जयराज मान खाली घालून बाहेर पडायचा. हंबीररावांच्या छातीत दुपारभर जळत राहायचं.

साळूबाई गेल्या तरी ते जळणं गेलं नाही. सिनेमातल्या त्या भावाला मारायला माणसं तरी होती. हंबीररावांकडं फक्त जयराज होता.

"कुठं हसायची ती? तितं थांबव. काय बोलत्यात ते मला सांगायचं. एक शब्द गाळायचा न्हाई."

जयराजनं बटण दाबलं. ढोल वाजले. देवळापुढचे मातीचे घोडे दिसले. बहिणीच्या प्रेतापुढं बसून भाऊ शपथ घेऊ लागला. हंबीररावांना त्याचा शब्दन् शब्द कळला.

ते उठून उभे राहिले.

"ह्ये हिंदी हाय. मला येडा समजतूस व्हय? रोज लावायचा ते लाव. मद्राशी."

"रोज ह्येच लावायचो, दादा."

"तुमा दोघांस्नी तितली बोली येती, आन् बघायचं हिंदीत? कुणासाठी रं?"

जयराजनं टीव्हीचा आवाज बारीक केला. त्याला हंबीररावांकडं बघवेना.

"मी लय डाव म्हणलो, वयनी, तमिळ लावूया, हिंदीत मजा न्हाई. आयकायच्याच न्हाईत. म्हणायच्या, ते मधनंच येऊन बसलं, तर त्यास्नी कळाय नको व्हय?"